दाराच्या मिशा

ब्रशचे केस मी तळहातावर दाबून पाहिले. ते एकसारखे पसरले आणि हात काढताच पुन्हा सरळ झाले. पत्र्याची पट्टी घट्ट होती. हिसका देऊनही एक केस हाती आला नाही.

"काका, ब्रश घेताय की जावई पसंत करताय?" दुकानदार हसला.

ही पारख मला तंत्रनिकेतनात मिळाली नव्हती. नव्या संसारात स्वयंपाकघराचे दार मी प्रथमच रंगवले, तेव्हा ब्रशने ओल्या रंगात जागोजागी केस सोडले होते. "अहो, दाराला मिशा फुटल्या!" असे म्हणत हेमलता अंबाड्यातला आकडा काढून माझ्यामागे उभी राहिली. मी रंगवत होतो आणि ती आकड्याने एकेक केस उचलत होती. "डिप्लोम्याला ब्रशचा धडा नव्हता वाटतं?" या प्रश्नावर आम्ही दोघेही संध्याकाळपर्यंत हसत होतो.

ती गेल्यानंतर घराला हा पहिलाच रंग.

"हाच न्या," दुकानदार ब्रश कागदात गुंडाळत म्हणाला. "मागून कोणाला केस वेचत बसावं लागणार नाही."

पाकिटाकडे गेलेला माझा हात थांबला. तो ब्रश मी इतर दारांसाठी ठेवून घेतला. मग टोपलीतला सर्वांत हलका ब्रश उचलून त्याला हिसका दिला. चिमटीत चार केस आले.

"आणि हा, स्वयंपाकघराच्या दारासाठी."

"अहो काका, हा गळतो! केस वेचणार कोण?"

"मीच," मी म्हणालो. "आकडा आहे घरी."