मापाचा ब्लाउज

लेक सुखात आहे की नाही, हे ठरवायचा शेवंताबाईंचा निकष एकच: फोनवर ती हसते का. केतकी रोज हसायची.

दिवाळीला नवा ब्लाउज धाडायचा म्हणून त्यांनी सासरहून तिचा मापाचा ब्लाउज मागवून घेतला. शिंपीमास्तरांनी तो तिच्या लग्नातल्या मापाच्या कागदावर पसरला आणि त्यांचा हात थबकला.

"ताई, वर्षभरात पाच इंच कमी? पोरगी आजारी आहे का?"

"छे हो! कालच केवढी हसली…" म्हणत शेवंताबाईंनी ब्लाउज उलटा केला. बाजूच्या शिवणीत हातशिलाईच्या तीन रांगा होत्या. प्रत्येक आधीपेक्षा आत.

"कापड ठेवून द्या, मास्तर," ब्लाउज पिशवीत घालत त्या म्हणाल्या. "मापाला तिलाच घेऊन येते."