दोन शब्दांचा निरोप

"आत नाही जाता येणार, मावशी. उमेदवार सोडून कोणालाच नाही."

पहारेकऱ्याने हे सकाळपासून पन्नासदा तरी म्हटलं असेल. भरतीच्या मैदानाच्या फाटकाबाहेर बापमंडळी उभी होती. ही बाई मात्र धावत आली होती. ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची; तिथला निळा एप्रन अजून अंगावरच होता.

"माझा मुलगा आत आहे. दोनशे सतरा नंबर. मला डॉक्टरांना भेटायचंय."

"सगळ्यांनाच भेटायचंय."

"मग चिठ्ठी देते. तेवढी तरी पोचवा."

"बाहेरचा कागद आत जात नाही. चिठ्ठ्यांवर वशिले लागायला लागले, म्हणून साहेबांनी बंदच करून टाकलंय."

बाई जाळीला धरून आत बघू लागली. धावणं उरकलं होतं, उंची आणि छाती मोजून झाली होती. पोरं उघड्या अंगाने डॉक्टरांच्या खोलीबाहेर रांगेत उभी होती. तिथून सुटलेली पोरं शेवटच्या चाचणीला जात होती. तीन मजले उंच दोन खांब आणि त्यांच्यावर वीतभर रुंदीची फळी. या टोकाकडून त्या टोकाला चालत जायचं. धरायला काही नाही, खाली नुसती वाळू. 

गेल्याच महिन्यात तिचा पोरगा जिन्यावरून कोसळला होता. डोळे पांढरे, तोंडाला फेस, दातांखाली जीभ. वर्षातून तीन-चार वेळा हे व्हायचंच, आणि उपाशीपोटी धावला की हमखास. आज तो उपाशीच धावला होता.

ही गोष्ट घरातल्या तिघांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हती. नवरा फौजेतून निवृत्त झालेला. पोराच्या अंगावर वर्दी बघायची, एवढाच त्याचा ध्यास. फॉर्मवर आजारांचे अकरा प्रश्न होते, तर त्याने पोराकडून अकरा वेळा 'नाही' घोटून घेतलं होतं. बायकोला वर दम भरला होता, "तू तोंड उघडलंस तर पोराच्या आयुष्याचं वाटोळं करशील."

आजार सुरू झाल्यापासून दोन वर्षं बिचारी गप्प बसली. आज मशीनवर काज अर्धवट सोडून ती उठली ती थेट इथे. नवऱ्याने घराबाहेर काढलं तरी चालेल, पोराने जन्मभर तोंड बघितलं नाही तरी चालेल. जिवंत तर राहील मेला!

"दादा, पाया पडते तुमच्या. नुसता एक निरोप."

पहारेकऱ्याने सुस्कारा सोडला. "अहो, इथे आया येतात त्या पोराला सोडवायलाच. कोणाला दमा, कोणाच्या काळजाला भोक. साहेब एकीचंही मानत नाहीत."

"माझं मानतील."

तिचे डोळे बघून तो विरघळला. त्याने फोन जवळ ओढला. "दोन शब्दांत सांगा. मागे एकीने जन्मापासूनची कहाणी सांगितली, आणि बोलणी मी खाल्ली."

तिने मागे पाहिलं. बापमंडळींचे कान टवकारलेले होते. त्यांत एक तिच्याच गल्लीतला होता. सख्ख्या भावालासुद्धा न सांगितलेली गोष्ट आता चारचौघांत बोलायची होती. ती पहारेकऱ्याच्या कानाशी वाकली.

"म्हणावं... त्याला फिट आहे."

"काय? जरा मोठ्याने."

"फिट आहे," ती म्हणाली. "दोनशे सतरा."

"एवढंच?"

"एवढंच. पुढचं डॉक्टरांना कळतं."

पहारेकऱ्याने तिच्याकडे नवलाने पाहिलं आणि नंबर फिरवला. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला.

आत दोनशे सतरा नंबर डॉक्टरांपुढे उभा होता. डोळे उत्तम, कान उत्तम, पाय सरळ.

"जीभ काढ." डॉक्टर वाकून बघायला लागले. "हे कसले वण?"

"फुटबॉल खेळताना लागलं, सर."

"एकाच जागी तीन-तीनदा?"

पोराने जीभ आत घेतली.

"कधी शुद्ध हरपते?"

"नाही, सर."

"झटके येतात?"

"नाही, सर."

प्रश्न संपायच्या आत उत्तर येत होतं. या टेबलावर डॉक्टरांची वीस वर्षं गेली होती. पाठ केलेलं 'नाही' त्यांना लगेच ओळखू यायचं. त्यांनी कागदावर पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

"त्या कोपऱ्यात जाऊन बस. तुला फळीवर चढवायची माझी काही हिंमत नाही. बहुतेक घरीच जावं लागणार तुला."

पोरगा बाकावर जाऊन बसला. त्याला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात फोन वाजला. मदतनीसाने तो घेतला, ऐकला आणि डॉक्टरांजवळ आला.

"साहेब, दोनशे सतराची आई आलीय फाटकावर."

पोराला एवढंच ऐकू गेलं. त्याने डोळे गच्च मिटून घेतले. संपलं. आईने शेवटी घात केलाच!

मदतनीसाने वाकून हलक्या आवाजात निरोप सांगितला. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"स्वतः आई म्हणते असं?"

"हो साहेब. काम सोडून धावत आलीय म्हणे. तेवढंच सांगितलंन् आणि बसलीय."

"मग खरंच असणार," डॉक्टर म्हणाले. "आईपेक्षा जास्त कोणाला ठाऊक?"

त्यांनी रबराने प्रश्नचिन्ह स्वच्छ पुसलं, त्या जागी आईचा निरोप जसाच्या तसा उतरवला, 'फिट आहे', आणि पोराला फळीकडे पाठवलं.