आईच्या वाटचं

पुठ्ठ्याचा पिवळा सूर्य. गालिच्यावर इवलेसे मोजे. डोळे मिटलेल्या बाहुल्या.

ज्यू बालवाडीतला हा सकाळचा खेळ. सगळ्यांनी खोटं खोटं झोपायचं, बाईंनी सूर्य वर धरला की उठायचं आणि म्हणायचं, "देवा, रात्री तुझ्याकडे ठेवलेला जीव परत दिलास, तुझे आभार."

मुलं उठून दंगा करू लागली. चिमणी मात्र एकेका बाहुलीच्या कानाशी पुटपुटत बसली.

"अगं शहाणे, आपापले आभार आपणच मानायचे," बाई हसल्या. "आणि तेही उठल्यावर!"

"त्यांना बोलता येत नाही ना! आज आईलापण येत नव्हतं. गारगार झाली होती. मग तिच्या वाटचं मीच म्हटलं."

"मग?"

"मग उठली की!"

तेवढ्यात फोन वाजला. चिमणीचे बाबा होते. "बाई, चिमणी तिकडे आलीय का हो? तिची आई रात्री झोपेतच गेली. आम्ही सगळे अजून तिच्यापाशीच बसलोय, आणि ही कधी बाहेर पडली कळलंच नाही."



सकाळी चिमणीला वर्गाच्या दारात आईच सोडून गेली होती. जाताना तिने बाईंचे आभारही मानले होते.