मोडायला आलेला शब्द
कमरेचं हाड मोडलेले गुरव सर दवाखान्याच्या खाटेवर डोळे मिटून पडले होते. वत्सलाबाई त्यांच्यासाठी मोसंबं सोलत होत्या. एवढ्यात डॉक्टरांना भेटून मुलगा आत आला.

"काय म्हणाले रे? ऑपरेशन कधी?"

"बघू म्हणाले. बाबा जरा फ्रेल आहेत."

"म्हणजे?"

"अशक्त गं. खाऊपिऊ घातलं की होतील ठणठणीत."

सरांनी खाडकन डोळे उघडले. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. चुकीचा अर्थ कानावर पडला की त्यांच्यानं राहवायचं नाही. "अशक्त म्हणजे वीक! फ्रेल म्हणजे मोडायला आलेला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच मोडणं. फ्रॅजाइल, फ्रॅक्चर त्याच घरातले. अशा माणसाला भूल सोसत नाही, म्हणून डॉक्टर सुरी लावत नाहीत..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष बायकोच्या हातांकडे गेलं. मोसंबं अर्धं सोललेलं तसंच राहिलं होतं. मुलानं मान खाली घातली होती.

सर ओशाळले. "अगं, अशक्तच बरोबर. मीच चुकलो."

वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला. संसारात सर हजारदा चुकले होते. पण शब्दाचा अर्थ सांगताना आजवर एकदाही नाही.