विजयमार्ग

सुलतान पळाल्याची बातमी येताच राजधानी रमलाबादचा विजयमार्ग माणसांनी भरून गेला. तुरुंगाधिकारी फायिज लोकांच्या तावडीत सापडला. त्यांनी त्याला फरफटत भर रस्त्यात आणलं, बदडून रक्तबंबाळ केलं.

"खाला, पहिला दगड तुझा! तुझ्या यासिरला यानंच उचलून नेलं होतं ना?" लोकांनी सलवाला पुढे केलं.

दगड घेऊन ती त्याच्या छाताडावर बसली. "बोल मेल्या, माझ्या पोराला कुठं पुरलंस?"

रक्ताची गुळणी थुंकत तो म्हणाला, "इथंच. रस्ता रुंद केला, तेव्हा सगळ्यांनाच खाली घातलं."

सलवाच्या हातातला दगड गळून पडला. बेभान नाचणाऱ्या गर्दीकडे वळून ती किंचाळली,


"रस्त्यावरून उतरा रे! माझ्या लेकराला तुडवू नका!"