वाढणारं माणूस

"आजोबा, रोज इस्त्रीचा शर्ट घालून इथे कुणाला भेटायला येता हो?"

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. खानावळ मात्र आमची. मागच्या टेबलावर त्या खिदळत होत्या.

आजोबा ओशाळून हसले. "जेवायलाच येतो, बाळा. घरी एकटाच असतो. इथे तुझी आई 'भात वाढू का?' म्हणते. दिवसभरात मला तेवढंच कुणीतरी विचारतं."

खिदळणं थांबलं. "आमटी वाढू?" मी विचारलं. वाटी भरलेली होती, तरी त्यांनी ती पुढे केली.

गल्ल्यावर बाबा पाटी रंगवत होते : 'उद्यापासून फक्त पार्सल'. वाढून वाढून आईचे पाय सुजायला लागले होते.

"बाबा, ती पाटी पुसा! आई, तू बस. आजपासून संध्याकाळी मी वाढणार, ठरलं!"