मटणातले वाल

मटणात वाल घालायचे की नाही, यावरून चुलीपाशी दोघींची जुंपली होती. गुणाजीच्या बायकोचं, विमलचं, तेरावं काल झालं. आज चौदाव्या दिवशी तिखटाचं जेवण होतं.

"आमच्या गडब गावात मटणात वाल पडत नाय," गुणाजीची बहीण गोदूबाई पळी आपटत म्हणाली. "मटण ते मटण. आणि दादाला आवडतात कुठं? चौतीस वर्षं एकेक दाणा वेचून ताटाच्या कडेला लावतोय तो."

"आमच्या रोह्याला वालाशिवाय मटण शिजत नाय. ताईनं इथं येऊनपण सोडलं नाय." विमलची बहीण श्यामला रोह्याशेजारच्या अष्टमी गावाहून मोड आलेले, सोललेले वाल डबा भरून घेऊन आली होती.

भांडून दोघींना बरं वाटत होतं. रडण्यापेक्षा ते सोपं.

गुणाजी पडवीत बसून होता. चौदा दिवसांत त्याने डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

"दादा, तूच सांग बाबा!" गोदूबाई आतून ओरडली.

"घाला," तो म्हणाला.

गोदूबाईचं तोंड एवढंसं झालं. श्यामलाने अख्खा डबा टोपात उपडा केला.

पहिलं ताट गुणाजीपुढे आलं. तो भाकरी मोडून खाली मान घालून जेवू लागला. बोटं आपली सवयीने वाल वेचून कडेला लावत होती. तो उठला की विमल त्याच्याच ताटात जेवायला बसायची. आधी ते कडेचे वाल खायची, मग स्वतःला वाढून घ्यायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने ते खरंच नावडतात म्हणून काढले होते. पुढे त्यालाही चव लागली, तरी तो काढतच राहिला. तिच्या आवडीचे होते ना. हे त्याने तिलाही कधी सांगितलं नाही.

"बघ!" गोदूबाईने श्यामलाला कोपराने ढोसलं. "सांगत होते ना, आवडत नाय त्याला." आणि ती ताट उचलायला वाकली.

गुणाजीने खरकट्या हाताने ताट धरून ठेवलं.

"राहू दे गो," तो म्हणाला. "तिचं जेवण व्हायचंय अजून."